रात्र पाण्यावर काढायची असेल तर

पुण्यात राहूनही समुद्रावर स्वतःची छोटी केबिनची बोट ठेवता येते, असं मागच्या अंकात मी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचे प्रश्न एकाच घोळक्यातले आहेत, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच देते.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. मुंबईत एक २६ फुटी केबिन बोट विकायला आहे, १५० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. दुसरी एक २० फुटी आहे, जरा जुनी, ६० चं एकच इंजिन, केबिन बसकी. मुलगा म्हणतो, पुन्हा पुन्हा कोण घेणार, मोठीच घ्या. तुमचं मत? — कोथरूडहून एक वाचक

काका, २० फुटी घ्या. तपासणीत ती सुदृढ निघाली तर.

तुमच्या पूर्ण पत्रात (वर ते थोडक्यात दिलं आहे) दोन्ही बोटींचा वेग आला आहे, किंमत आली आहे, म्युझिक सिस्टीमही आली आहे. रात्री कोण कुठे झोपणार हे मात्र कुठेच नाही, आणि केबिनची बोट घेताना पहिला विचार त्याचाच करावा. नुसतं दिवसा फिरायचं असेल तर उघडी होडी जास्त चांगली. तिच्यात बसायला जागा जास्त, वारा मोकळा, किंमत कमी. केबिन बोटीचा तिसरा हिस्सा खाते आणि एप्रिलच्या दुपारी आत भट्टी होते. तरीही आपण ती घेतो, कारण संध्याकाळी परत फिरावं लागत नाही. खाडीत नांगर टाकायचा, दशम्या सोडायच्या, पाणी चढताना आणि उतरताना ऐकत झोपायचं आणि पहाटे मतलई वारा सुटला की चहा करायचा. ज्या बोटीवर तुम्ही हे महिन्यातून एकदा, कुणाची मदत न घेता करू शकाल, ती तुमची बोट.

२६ फुटी बोटीवर तुम्हाला ते जमणार नाही. इंजिनांसकट तिचं वजन तीन टनांच्या आसपास जातं. ती ट्रेलरवर घालून घाट उतरवणं घरच्या गाडीचं काम नाही, म्हणजे ती कायम पाण्यात किंवा कुणाच्या तरी यार्डात राहणार आणि तिला सांभाळायला पगारी माणूस लागणार. पेट्रोलचा हिशेब तर करूनच पाहा. ३०० हॉर्सपॉवर पूर्ण वेगात पळवली तर तासाला शंभर लिटरच्या वर पेट्रोल जातं. ६० च्या इंजिनाला त्याच तासात वीस-बावीस लिटर पुरतं, आणि निम्म्या वेगात त्याहून पुष्कळ कमी. तासाला दहा हजार रुपये जळत असले की माणूस बोटीवर बसूनही घड्याळाकडे बघत राहतो. मग सहली कमी होतात, बोट उभी राहते, आणि उभी राहिलेली बोट फार लवकर बिघडते. मी इतरांसाठी जुन्या बोटी पाहायला जाते तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत असतात त्या कमी वापरलेल्या मोठ्या बोटी.

२० फुटीचा नांगर तुम्ही या वयात हाताने ओढाल. ती चिखलात टेकली तर मुलगा आणि सून उतरून ढकलतील. धक्क्याला लावताना चुकली तर पायाने नाही, पण फेंडर (धक्क्याचा मार झेलणारी उशी) धरून सावरता येईल. पाय कधीच मध्ये घालायचा नाही, हे नातीला पहिल्या दिवशी सांगा. दिवसा तुम्ही पाचही जण फिरा. रात्री दोन मोठी माणसं आणि नात झोपतील. मुलगा-सून पुढच्या वेळी त्यांचे ते जातील. पाच जणांनी एका केबिनमध्ये झोपायची सोय शोधत बसलात तर बोट वाढत वाढत बंगल्याएवढी होईल.

पाहायला जाल तेव्हा बूट काढून आत शिरा आणि दोन्ही बर्थवर पूर्ण आडवे व्हा. पाय लांब होतात का? कूस बदलता येते का? काकूंनाही झोपून पाहायला सांगा. रात्री बाहेर यायचं झालं तर झोपलेल्याच्या अंगावरून जावं लागतं का, तेही बघा. २० फुटीत उभं राहता येत नाही. ताठ बसता आलं की पुरे.

नवी घेण्याचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. पहिली बोट जुनी घ्यावी, असं मी आधीपासून सांगते; आता तर त्याला आणखी एक कारण मिळालं. हातात जेवढे पैसे आहेत त्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात बोट बघा. दोर, नांगर, लाइफ जॅकेट, बॅटरी, नवं वायरिंग यात तो चौथा हिस्सा सहज जातो.

मी सिंहगड रोडला राहतो. बोट खडकवासल्यात ठेवली तर रोज संध्याकाळी जाता येईल. परवानगीचं काय? — एक शिक्षक

सर, खडकवासल्याचं पाणी पुणं पितं. धरण जलसंपदा विभागाचं, आणि एका काठाला एनडीएची संरक्षित हद्द. तिथे स्वतःची पेट्रोलची बोट टाकता येईल असं गृहीत धरून एक रुपयाही खर्च करू नका. मलाही तिथे धूर सोडणारी इंजिनं नकोच आहेत.

पानशेत, वरसगावचं पाणीही मे महिन्यात इतकं खाली जातं की ऑक्टोबरमध्ये जिथून होडी सोडली तिथे नुसता चिखल आणि दगड उरतात. उजनीचा पसारा मोठा आहे, पाणी उथळ आहे, आणि वळवाच्या दिवसांत ते फार फसवं होतं. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या मधे अचानक सुटलेल्या वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा माणसं गेली. पश्चिमेला ढग काळे होऊन वर चढू लागले की पाण्यावर थांबायचं नाही, धरण असो की समुद्र.

रोज संध्याकाळी पाण्यावर असायचं असेल तर तुम्ही वल्हवायला शिका. मुळा-मुठेवर रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या मुलांचा बोट क्लब आहे. पाण्यावर तोल कसा सांभाळायचा, वारा बाजूने आला की होडी कशी सरकते, हे वल्हवताना जितकं कळतं तितकं इंजिनावर कळत नाही. केबिनची बोट मात्र कोकणातच ठेवा. मी पुण्यातल्या मंडळींना राजपुरीची खाडी सुचवते: आगरदांडा आणि दिघीच्या मधली. ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळ्याकडून चारेक तासांत पोचता येतं, खाडीचं तोंड रुंद असलं तरी आत निवारा आहे, आणि समुद्र खवळला असला तरी आतल्या आत दोन दिवस मजेत जातात.

नोंदणीचं थोडक्यात सांगते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे खाडी-नदीत इंजिनावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. आपल्याकडे किनाऱ्यावर हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयांतून चालतं. बोट ठरवण्याआधी ज्या खाडीत ठेवणार तिथल्या कार्यालयात स्वतः जा, कागदांची यादी हाताने लिहून आणा आणि ती विकणाऱ्यापुढे ठेवा. विमाही आधीच विचारा. ट्रेलर घेणार असाल तर त्याची आरटीओ नोंदणी वेगळी.

मी चाकणला वाहन उद्योगात इंजिनिअर आहे. गाड्यांचं मला कळतं, बोटींचं नाही. जुनी बोट बघताना नेमकं काय पाहायचं? — पिंपरी-चिंचवड

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून लांब उत्तर देते. माझे वडील हर्णैला होड्या दुरुस्त करायचे. लाकडाच्या होड्या जाऊन फायबर आलं तरी त्यांची पद्धत बदलली नाही: आधी हात फिरवायचा, मग ठोकायचं, मग वास घ्यायचा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. गाडीवाल्या माणसाची सवय उलटी असते. तो आधी इंजिन चालू करायला सांगतो. इंजिन बदलता येतं. बोटीचं अंगच सडलं असेल तर बोटच गेली.

बोट पाण्याबाहेर काढलेलीच बघा. विकणारा म्हणाला की काढणं अवघड आहे, तर खर्च तुम्ही द्या, पण काढायला लावा. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा नाण्याने तळाला टकटक करत जा. फायबर चांगलं असेल तर आवाज कडक, टणक येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरलं असेल तर तो एकदम बोदा होतो. कान लगेच शिकतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने गोल करा. शेवटी दोन पावलं मागे जाऊन ते गोल एकत्र बघा. एखाद-दुसरा विखुरलेला असेल तर दुरुस्ती होते, पण एका जागी दाटी असेल तर नमस्कार करून निघा. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या गुळगुळीत थरावर, बारीक फोड दिसले तर एखादा टोचून बघू द्या म्हणावं. आतून आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी फायबरच्या आत मुरलं आहे.

मग मागची बाजू. जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं त्या ट्रान्समच्या आत बहुतेक बोटींत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं, आणि बाहेरून रंग चकचकीत असतो. इंजिन वर उचला, त्याच्या खालच्या टोकाला धरून अंगाचा भार देत वर-खाली हलवा आणि नजर फळीवर ठेवा. फळी जराही वाकली, बोल्टभोवती तड दिसली किंवा तपकिरी ओघळ दिसला, तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. ट्रान्सम नवा करण्याचा खर्च आणि वेळ पहिल्या बोटीच्या उत्साहाला मारून टाकतो.

डेकवर अनवाणी चाला. जमीन मऊ लागते का, टाच टाकली की दबते का? केबिनच्या खिडक्यांखाली, गाद्यांच्या कोपऱ्यांत पाण्याचे पिवळे डाग शोधा. गाद्या उचला, खालचे कप्पे उघडा, बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) टॉर्च मारा. नुकताच धुऊन, सुगंधी फवारा मारून ठेवलेला बिल्ज दिसला तर दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा. वायरिंगला काळ्या टेपचे जोड दिसले तर ते सगळं नवं करावं लागणार, हे हिशेबात धरा. खाऱ्या हवेत नुसत्या तांब्याची तार आतून हिरवी होत जाते. मुलामा दिलेली मरीन वायरच वापरायची.

आता तुमचं आवडतं इंजिन. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलं, आत पाणी शिरलं. सगळ्या सिलिंडरांची कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती आला यापेक्षा तो सगळ्यांत सारखा आहे का ते बघा; दहा टक्क्यांच्या वर फरक नको. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात पडते का, एनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे ठोकळे) झिजलेले आहेत का? झिजलेले असतील तर चांगलंच, त्यांनी काम केलं आहे. जुन्या बोटीवर ते कोरे करकरीत दिसले तर विचारा कधी बदलले. रंग फासलेले असतील तर ते कामच करत नाहीत. खाऱ्या पाण्यात झिंकचे, गोड्यात मॅग्नेशिअमचे, खाडीसारख्या मिसळ पाण्यात ॲल्युमिनिअमचे एनोड चालतात.

शेवटी तासभर पाण्यावर चालवा. पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका, असं सांगून ठेवा; थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला बघायचं आहे. मग गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करा. परत आल्यावर बिल्जमध्ये पुन्हा टॉर्च.

एवढं करूनही बोट पसंत पडली, तर व्यावसायिक सर्व्हेअर बोलवा आणि त्याचा लेखी अहवाल घ्या. इंजिन क्रमांक कागदाशी ताडून पाहा. बोट परदेशातून आली असेल तर कस्टमचे मूळ कागद मागा. "नंतर देतो" हे उत्तर मान्य करू नका.

ह्यांनी बोट घ्यायची ठरवलीच आहे. मला पोहता येत नाही, मुलं दोन, सहा आणि अकरा वर्षांची. आणि खरं सांगू का, बाथरूमची सोय काय, हे विचारायला कुणाकडे जावं कळत नाही. — सहकारनगरहून एक वाचक

मला विचारलंत हे फार बरं केलंत. बोटीवर बाईमाणूस खूश नसेल तर ती बोट वर्षभरात विकली जाते, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं. फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

छोट्या केबिनमध्ये बर्थखाली मावणारं पोर्टेबल टॉयलेट मिळतं. खाली बंद टाकी, वर स्वच्छ पाण्याची टाकी, मध्ये घट्ट बसणारी झडप. औषध घातलं की वास येत नाही. केबिनला कडी लागणारं दार असावं, खिडक्यांना पडदे असावेत. या दोन गोष्टी नसतील तर बोट घेण्याआधी करून घ्या, हौस म्हणून नंतर नाही. टाकी घरी किंवा धक्क्यावरच्या शौचालयात रिकामी करायची. खाडीत अजिबात नाही: ओहोटीला तिथेच गावातल्या बायका कालवं आणि तिसऱ्या काढत असतात.

सुरक्षेचं. लाइफ जॅकेट पाण्यावर असताना कायम अंगात, नांगर टाकलेला असला तरी, ह्यांच्याही अंगात. मुलांचं जॅकेट त्यांच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलं हवं, नाहीतर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून येतं. दोन्ही मुलांना टिळक तलावावर किंवा जवळच्या तलावावर पोहायला घाला, तुम्हीही शिका. पण पोहता येतं म्हणून जॅकेट काढायचं नाही.

इंजिन चालू असताना केबिनचं दार आणि खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना आत झोपवू नका. बोट पुढे जाते तेव्हा मागची हवा वळून आत येते आणि तिच्याबरोबर धूरही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म केबिनमध्ये बसवून घ्या. पेट्रोलची वाफ आणि गॅस दोन्ही हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाला साचून राहतात. म्हणून स्वयंपाक बाहेर मोकळ्यावर, इंजिन बंद असताना. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची लाल दोरी असते. तो पडला की इंजिन बंद होतं. ती बांधल्याशिवाय ह्यांना इंजिन सुरू करू देऊ नका.

आणि एक माझा आग्रह आहे. बोट चालवायला तुम्हीही शिका. इंजिन बंद करणं, बोट वाऱ्याच्या तोंडाला धरणं, नांगर टाकणं, १५५४ वर तटरक्षक दलाला आणि १०९३ वर सागरी पोलिसांना फोन करून आपण कुठे आहोत ते सांगणं, एवढं एका दिवसात येतं. बोटीवर दोन मोठी माणसं असतील आणि एकालाच ती चालवता येत असेल, तर ते मी धोक्याचं समजते. हे शिकलात की भीतीचा मोठा भाग आपोआप जाईल.

शिडाची केबिन बोट घ्यावी की इंजिनाची? — विमाननगर

शीड येत असेल किंवा वर्षभर शिकायची तयारी असेल तर शिडाची. मुंबईत शिकवणारे क्लब आहेत. २० फुटी शिडाची बोट ताशी पाच-साडेपाच सागरी मैलांच्या वर जात नाही, आणि तिला खाली कील (पाण्यात खोल उतरणारं पातं) असते, त्यामुळे आपल्या चिखलाच्या खाड्यांत कील वर घेता येणारी किंवा जोडकीलची बोट हवी. तिच्यावरची रात्र सारखीच सुंदर. शनिवार-रविवारचाच वेळ असेल तर इंजिन घ्या.

दिवाळीत १९ फुटी बोट घेतली. चार वेळा दिवसा फिरून आलो. आता पहिली रात्र काढायची आहे. कुठे, कधी, कशी? — औंध

अभिनंदन! अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडा. पौर्णिमेचं चांदणं सगळ्यांना हवं असतं, पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि खाडीत ओढ जोरात असते. अष्टमीला भांगाचं पाणी, चढउतार कमी. शिवाय वेळा सोयीच्या पडतात. आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री पुन्हा ओहोटी आणि सकाळी सहाला भरती. हा अंदाज झाला. निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच.

खाडीत आत शिरायचं ते दुपारी तीन-चारला, पाणी चढत असताना. कुठे टेकलात तर अर्ध्या तासात तेच पाणी तुम्हाला उचलेल. पूर्ण भरतीला टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिरक्या बोटीत बसून राहावं लागतं.

राजपुरीच्या खाडीत दिघी-आगरदांडा फेरीची वाट टाळून आत जा. कुड्याच्या लेण्यांच्या अंगाला खाडी वळते, तिथे समुद्राची लाट पोचत नाही. डोलीची जाळी (खुंटांना बांधून ओढीत लावलेली), खुंट आणि बोये दिवसाउजेडी नजरेत भरून ठेवा, त्यांच्यापासून लांब राहा. अंधारात तिथे बोट हलवायची नाही. जवळ कोळी बांधव दिसले तर विचारा, "दादा, इथे रात्री थांबलो तर तुमच्या कामात येणार नाही ना?" ते जागा दाखवतात, आणि ती जागा नकाशापेक्षा खात्रीची असते.

नांगराचा हिशेब. समजा, दुपारी चारला तीन मीटर पाणी आहे, अजून मीटरभर चढेल, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून मीटरभर वर आहे. झाले पाच मीटर. रात्रीसाठी त्याच्या सातपट, म्हणजे ३५ मीटर दोर सोडा, त्यातले नांगराजवळचे पाच-सहा मीटर साखळी. आपल्या चिखलात पसरट पात्यांचा नांगर चांगला धरतो. दोर सोडल्यावर इंजिन हळूच मागे टाकून ओढ द्या. किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरा आणि ती रेषा सरकत नाही ना, ते बघा. मध्यरात्री ओहोटीला पाणी उतरेल आणि बोट दुसऱ्या दिशेला तोंड करेल, तेव्हा त्या पूर्ण वर्तुळात खडक, खुंट किंवा दुसरी होडी नको. अंधार पडला की चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा वर लावायचा, तो सकाळपर्यंत.

जेवण घरून न्या. पहिल्या रात्री स्वयंपाक नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, केळी. पाणी माणशी किमान चार लिटर. पेट्रोल तीन वाट्यांत मोजा: एक जायला, एक यायला, एक न लागण्यासाठी. डासांसाठी हॅचला (केबिनच्या छतावरच्या झडपेला) जाळी शिवून घ्या. त्यासाठी केबिन बंद करून झोपू नका, सकाळी सगळं ओलं होतं.

मध्यरात्री ओहोटीला एकदा उठून बघा. पाणी किती उरलं, रेषा जागेवर आहे का. तुम्हाला तेव्हा झोप येणारही नाही. पहिल्या रात्री प्रत्येक थेंबाचा आवाज मोठा वाटतो, दोर कुरकुरतो, मासा उडाला तरी माणूस उठून बसतो. ते सगळं बरोबर आहे, तसंच असतं. चंद्र उशिरा मावळतो किंवा उशिरा उगवतो, त्यावर तारे किती दिसतील ते ठरेल. पुण्यात इतके तारे दिसत नाहीत. मुलं बरोबर असतील तर त्यांना उठवा.

सकाळी सहाची भरती गाठून, जमिनीवरून येणारा मतलई वारा आहे तोवर बाहेर पडा. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उभं राहतं. अकरापर्यंत धक्क्याला या.

पावसाळ्यात बोटीचं काय करायचं? — बिबवेवाडी

मेच्या मध्यापर्यंत पाण्याबाहेर काढा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर आलं, तेव्हा पाण्यात राहिलेल्या होड्यांचे काय हाल झाले ते सगळ्या किनाऱ्याने पाहिलं. शक्य असेल तर पुण्याला आणा, पण ताम्हिणीने पाऊस सुरू व्हायच्या आधीच, आणि गाडीच्या पुस्तकात ओढायची क्षमता बघून. पुढचं टोक वर उचलून, बुडाचा निचऱ्याचा बूच काढून ठेवा. गाद्या घरात. केबिनला दोन्हीकडून हवा खेळती हवी. प्लास्टिकचा कागद गुंडाळून ठेवलात तर श्रावणात आत बुरशीचं रान माजतं. इंजिनातून गोडं पाणी भरपूर फिरवून घ्या, जुनं पेट्रोल काढून टाका, गिअर ऑइल बदला, बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात बुडलेली असतात, तेव्हा बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा आणि हे काम ऑक्टोबरवर ढकलू नका, तोवर ती गंजून बसतात.